भाचा जहाजावर अडकला, पाच महिन्यांपासून पगार नाही. जहाजाचा कायदा माहीत असणाऱ्यांनी मार्ग सांगा

दारव्ह्याचा_कास्तकार | सोमवार, रात्री 10:40

राम राम मंडळी. मी इथं नेहमी सोयाबीन अन् तुरीच्या धाग्यावर लिहितो. आजचा विषय वेगळा हाये, घरचा हाये, म्हणून लांबलचक लिहून राह्यलो, सांभाळून घ्या.

माह्या मोठ्या बहिणीचा पोरगा, वय 22. बारावी झाल्यावर त्यानं जहाजावरच्या खलाशाचा सहा महिन्याचा जीपी रेटिंगचा कोर्स केला. त्याची फी भरली तवाच घरात काही उरलं नव्हतं. कोर्सनंतर वर्षभर घरी बसून होता, कोणतीच कंपनी घेईना. मंग कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईचा एक एजंट भेटला, म्हणे साडेतीन लाख द्या, महिन्याभरात जहाजावर चढवतो, टँकर हाये, डॉलरमधे पगार. बहिणीनं दोन एकर वावर गहाण टाकलं. भाऊजी गेल्यावर तेवढंच हातात होतं तिच्या. पैसे गेले अन् पोट्टा खरंच चढला जहाजावर, पहिले तीन महिने पगार आला, आमाले वाटलं आता सुटलो.

आता पाच महिने झाले, एक रुपया नाई. जहाज आखाती देशातल्या एका बंदराबाहेर, किनाऱ्यापासून आठ मैल आत, नांगर टाकून उभं हाये. मालक फोन उचलत नाई. जनरेटर दिवसातून दोन तास चालते तवाच मोबाईल चार्ज होते. पाणी पिवळं येऊन राह्यलं म्हणे, ते उकळून पेतात, जेवाले भात अन् डाळ, भाजीपाला संपून तीन आठवडे झाले. अकरा जण हायेत, त्यातले सहा आपल्या देशाचे.

आता खरा प्रश्न. कॅप्टननं काल एक कागद आणला अन् म्हणे याच्यावर सही केली तर मालक तिकीट काढून देईन. कागदावर लिहिलं हाये की मले माहा पूर्ण पगार भेटला, काहीच बाकी नाई. पोट्टा विचारते, मामा सही करू काय? बहीण म्हणते पैसे गेले चुलीत, पोरगं घरी आलं पाह्यजे. मले काहीच सुचून नाई राह्यलं. उद्या सकाळी त्याले उत्तर द्याचं हाये.

बोसन_मोर्शी | सोमवार, रात्री 11:15

भाऊ, सही करू नको म्हणा. रात्रीच मेसेज टाका, सकाळची वाट पाहू नका.

मी 26 वर्षं जहाजावर काढले, बोसन म्हणजे खलाशाईचा मुकादम म्हणून उतरलो, आता मोर्शीले संत्र्याची बाग पाहतो. तुमच्या भाच्यावर जे चाललं ते मी 2011 मधे भोगलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याले आमचं जहाज असंच टाकून देलं होतं, नऊ महिने. ताडपत्री बांधून पावसाचं पाणी धरलं, गळ टाकून मासे पकडले. मालकाच्या माणसानं असाच कागद आणला होता. चार जणांनी सही केली अन् ते घरी गेले. आमी सात जणांनी नाई केली. सरते शेवटी आमाले घरी पाठोलं ते युनियननं अन् खलाशांसाठी काम करणाऱ्या एका मिशनच्या लोकाईनं, मालकानं नाई. माहा नऊ महिन्याचा पगार बुडाला तो बुडालाच. माही मायबहीण घरी काय जगली असन ते मी अजून विचारलं नाई त्याईले.

पण तवाची अन् आताची गोष्ट वेगळी हाये. तवा जहाजावर आमच्या नावाचा कोणता विमाच नव्हता. आता हाये, कायद्यानं ठेवाच लागते. त्याले म्हणा मेसरूममधे, म्हणजे जेवाच्या खोलीत, नाईतर ब्रिजजवळ, जिथून जहाज चालवतात तिथं, जो नोटीस बोर्ड असते तिथं एक सर्टिफिकेट लागलं असन, फायनान्शियल सिक्युरिटी असं लिहिलेलं, इंग्रजीत. लोकाईले दिसन अशा जागी लावाच लागते ते. त्याचा फोटो काढून पाठव म्हणा. आपल्या इथं एक वकील ताई हायेत नागपूरच्या, मी त्याईले बोलावतो धाग्यावर.

पुसदकर_मास्तर | सोमवार, रात्री 11:52

वाचून झोप उडाली. माझ्या शाळेतली दरवर्षी तीन-चार मुलं मर्चंट नेव्हीचं विचारतात आणि मी त्यांना कोर्सची माहिती काढून देतो, पुढे काय होतं ते मला कधी कळलंच नाही. एक विचारू का, दूतावासात फोन केला तर ते लगेच उतरवून नाही आणत का? आपला नागरिक आहे ना तो.

अॅड_ताई_नागपूर | मंगळवार, सकाळी 6:20

दादा, आत्ताच पाहिलं. बोसन काकांनी बरोबर सांगितलंय, सही नाही म्हणजे नाही. त्या कागदावर सही म्हणजे भाच्यानं आपला हक्क आपल्याच हातानं खोडणं, नंतर कोणत्याही कोर्टात समोरचा वकील पहिला तोच कागद टाकतो. कॅप्टननं फारच जोर केला तर म्हणावं, माझा हिशोब मी लिहून देतो, किती महिने, किती डॉलर बाकी, त्यावर तुम्ही सही करा. बहुतेक कॅप्टन स्वतःही बिनपगारीच असतो, त्याच्याशी भांडू नका, तोही त्याच नांगरावर अडकलाय.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी 2006 मध्ये जिनेव्हाला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, सागरी कामगार करार, सगळे एमएलसी म्हणतात. 20 ऑगस्ट 2013 पासून तो लागू झाला, भारतानं 2015 मध्ये मान्य केला. बोसन काकांच्या वेळी 2011 ला तो लागूच नव्हता, म्हणून त्यांचं ते झालं. पण तुमच्या कामाची खरी गोष्ट त्यातली 2014 ची दुरुस्ती, जी 18 जानेवारी 2017 पासून लागू आहे. त्यात लिहिलंय की खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं कधी धरायचं. मालकानं घरी पाठवायचा खर्च दिला नाही तर, किंवा खायला-प्यायला-राहायला-औषधपाणी दिलं नाही तर, किंवा संबंधच तोडला तर, आणि दोन महिने पगार न देणं हे संबंध तोडणंच समजतात. तिन्ही लागत नाहीत, एक पुरे. तुमच्या भाच्याच्या बाबतीत तर तिन्ही होऊन राहिलेत. म्हणजे खरं तर हे प्रकरण तीन महिन्यांपूर्वीच उभं राहत होतं. याचा दोष मी तुम्हाला देत नाही, घरोघरी हेच होतं, लोक पुढच्या महिन्याच्या आशेवर थांबतात.

अशा वेळी मालक मेला, पळाला, दिवाळखोर झाला तरी त्या सर्टिफिकेटवर ज्याचं नाव आहे त्या विमावाल्याला पैसे सोडावे लागतात. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, घरापर्यंतचा प्रवास, आणि तोवर जेवण, पिण्याचं पाणी, जहाज जगतं ठेवायला लागेल तेवढं डिझेल, औषधपाणी. खलाशी थेट विमावाल्याला लिहू शकतो, मालकाची परवानगी लागत नाही.

मला चार गोष्टी हव्यात. सर्टिफिकेटचा फोटो, त्याच्या कराराचा फोटो, जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर आणि झेंडा कोणत्या देशाचा, म्हणजे जहाज कुठं नोंदलंय ते. जहाजाचं नाव सांगितलं नाही तरी चालेल, नाव आणि झेंडा हवे तसे बदलतात, आयएमओ नंबर मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

मास्तर, दूतावासाला कळवायचंच आहे, पण ते एकटे उतरवू शकत नाहीत. जहाजावर राज्य झेंड्याच्या देशाचं, ते उभं आहे तिसऱ्याच देशाच्या पाण्यात, मालक चौथ्या देशात नोंदलेला आणि खलाशी पाचव्या देशाचा. यातच सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि महिने जातात. म्हणून विमावाला सगळ्यात जवळचा.

दारव्ह्याचा_कास्तकार | मंगळवार, दुपारी 2:05

ताई, पोट्ट्यानं सही नाई केली. अन् सर्टिफिकेट सापडलं! जुन्या कॅलेंडरच्या मागं दबून होतं. फोटो तुमाले पाठोला. झेंडा एका बेटाच्या देशाचा हाये.

करार पाह्यला त मले घाम फुटला. दोन करार हायेत. एक एजंटनं मुंबईत सही करून घेतलेला, त्याच्यात पगार जास्त. दुसरा जहाजावर चढल्यावर घेतला, त्याच्यात जवळपास निम्मा. पोट्ट्यानं सही करून देली, म्हणे तिथून परत कसा येणार होतो मामा, साडेतीन लाख देले होते आपण.

अॅड_ताई_नागपूर | मंगळवार, दुपारी 3:30

फोटो मिळाले. झेंड्याच्या देशानं एमएलसी मान्य केलाय, हे फार चांगलं झालं. आता नीट वाचा, सर्टिफिकेटची मुदत आजपासून 19 दिवसांनी संपते. घाबरू नका, पण आजचा दिवस वाया घालवू नका. मुदतीच्या आधी विमावाल्याला अंग काढायचं असेल तर त्याला झेंड्याच्या देशाला किमान 30 दिवस आधी कळवावं लागतं. मुदत चालू असताना खलाशी वाऱ्यावर पडलेत हे लेखी त्याच्या टेबलावर असलं की उद्या तो म्हणू शकत नाही की माझ्या काळात काही झालंच नाही.

मी मजकूर लिहून पाठवते, पण ई-मेल भाच्याच्या नावानं जाऊ द्या, आणि जमलं तर अकराही जणांची नावं, हुद्दे आणि प्रत्येकाचा बाकी हिशोब घाला. जहाजाची जागा अक्षांश-रेखांशात. पाणी किती लिटर उरलं, डिझेल किती, तांदूळ किती किलो, कोणी आजारी आहे का. आकडे लिहा. ‘आम्हाला फार त्रास आहे’ असं लिहिलं तर कोणी हलत नाही, ‘पिण्याचं पाणी चार दिवसांचं’ लिहिलं तर हलतात. एकच ई-मेल विमावाला, झेंड्याच्या देशाचं शिपिंग खातं, मुंबईचं डीजी शिपिंग म्हणजे आपल्या सरकारचं जहाजांचं खातं, तिथला आपला दूतावास, आणि आयटीएफ म्हणजे वाहतूक कामगारांची जागतिक संघटना, या सगळ्यांना एकदम. प्रत्येकाला दिसू द्या की बाकीच्यांनाही गेलंय.

दोन करारांचं सांगते. चढल्यावर कमी पगाराचा दुसरा करार घेणं ही जुनी लबाडी आहे. दावा पहिल्या कराराच्या आकड्यानं करा, दुसरा सोबत जोडा आणि सही कोणत्या परिस्थितीत घेतली ते लिहा.

आणि एजंट. भारतात जहाजावर माणूस पाठवणाऱ्याला डीजी शिपिंगचं लायसन लागतं, आरपीएसएल म्हणतात, 2016 चे नियम आहेत. लायसन असलेलाही खलाशाकडून नोकरी लावून द्यायचे पैसे घेऊ शकत नाही, एक रुपयाही नाही. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळख-नोंदीचं पुस्तक, मेडिकल एवढाच खर्च खलाशाचा. साडेतीन लाख म्हणजे सरळ गुन्हा. पैसे बँकेतून दिलेत की रोख?

दारव्ह्याचा_कास्तकार | मंगळवार, दुपारी 4:10

दीड लाख बँकेतून, दोन लाख रोख. लायसनचा नंबर त्याच्या कागदावर कुठीच नाई, आता सगळे पान पलटून पाह्यले.

बोसन_मोर्शी | मंगळवार, रात्री 9:00

माह्या मनातली एक गोष्ट बोलतो. हे एकट्या तुमच्या घरचं नाई. आयटीएफच्या हिशोबानं 2024 या एका वर्षात 312 जहाजं अशी टाकून देली अन् 3,133 खलाशी त्याच्यावर अडकले, त्याच्यात सगळ्यात जास्त आपल्या देशाचे. काऊन आपले जास्त? कारण आपल्या पोट्ट्याईले कोर्स करून चांगल्या कंपनीत जागा भेटत नाई, अन् एजंट जे जहाज देते ते असं असते की ज्याच्यावर दुसरा कोणी चढाले तयार नसते. जुनं जहाज, छोटा मालक, त्याच्या नावावर एकच जहाज, कर्ज झालं की पळाला. आता त्यात ते निर्बंध चुकवून तेल नेणारे टँकर आले, काहींचा त झेंडाच खोटा असते. ज्या देशाचा झेंडा लावला त्या देशाच्या नोंदीत ते जहाजच नाई. अशा जहाजावर पोट्टा अडकला त सर्टिफिकेटले विचारते कोण, तिथं मंग हा सगळा कायदा हातात असून काही पकडाले नसते. भाऊ, तुमचा झेंडा खरा निघाला याच्यातच निम्मी लढाई जिंकली समजा.

सुएझच्या तिकडं एक सिरियाचा चीफ ऑफिसर होता, मालकाचे पैसे थकले म्हणून जहाज अटकलं, कोर्टानं त्यालेच जहाजाचा राखणदार नेमलं, अन् बाकी सगळे गेल्यावर तो एकटा राह्यला. 2017 ते 2021, जवळपास चार वर्षं. मोबाईल चार्ज कराले पोहून किनाऱ्यावर जाये. आमी जहाजवाले लोक ती गोष्ट ऐकली की गप्प बसतो.

धानवाला_गोंदिया | बुधवार, सकाळी 8:15

मी आतापर्यंत वाचत होतो, लिहावं की नको विचार करत होतो, कारण मी या प्रकरणात दुसऱ्या बाजूनं राहिलेलो आहे.

आमची राईस मिल आहे, तुकडा तांदूळ विशाखापट्टणमवरून आफ्रिकेत जायचा, सप्टेंबर 2022 मध्ये तुकड्याची निर्यात बंद झाली त्याच्या आधीची गोष्ट. आमचा माल ज्या जहाजात होता ते तिकडच्या बंदरात अटकलं. मालकानं डिझेलवाल्याचे पैसे दिले नव्हते, त्यानं कोर्टातून जहाजाला अटक आणली, मग खलाशांनी पगाराचा दावा टाकला. आमचा तांदूळ आत, उन्हात, ओलीत, आणि आमचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही. ग्राहक पैसे अडवून बसला, इकडं बँक व्याज लावून राहिली, धानवाल्या कास्तकारांना मी काय सांगू. त्या वेळी वकिलानं सांगितलं की जहाज लिलावात निघालं तर खलाशांचा पगार पहिला, मग बाकी, तेव्हा मला खूप राग आला होता. मी म्हटलं, माझा माल सडून राहिला आणि पहिला नंबर त्यांचा? आज हा धागा वाचून मला त्या जहाजावरची माणसं दिसून राहिली. मी त्यांचा विचार एकदाही केला नव्हता. दारव्ह्याचे भाऊ, विमावाला येईपर्यंत भाच्याला जहाजावर किराणा-पाणी पोचवायला काही खर्च लागत असेल तर मला सांगा, माझा हिस्सा लावतो.

ताईंना एक प्रश्न, आपल्या इथल्या कायद्यातही क्रम तसाच आहे का? आणि आम्हा मालवाल्यांना काय मिळतं?

अॅड_ताई_नागपूर | बुधवार, सकाळी 11:40

हो, तसाच आहे. आपला 2017 चा अॅडमिरल्टी कायदा, म्हणजे जहाजावरच्या दाव्यांचा कायदा, 1 एप्रिल 2018 पासून लागू. त्याच्या कलम 9 मध्ये जहाजावर चिकटलेल्या हक्कांची रांग दिली आहे, पहिला नंबर खलाशांचा पगार आणि घरवापसी, मग मृत्यू-इजा, मग बुडतं जहाज वाचवणारे, मग बंदराचे पैसे. डिझेलवाला जहाज अटकवू शकतो पण या रांगेत नाही. आणि हा हक्क जहाजाला चिकटतो, मालकाला नाही, जहाज विकलं तरी हक्क जहाजाबरोबर जातो. बाकीच्यांचा एक वर्षात संपतो, खलाशाच्या पगाराचा दोन वर्षांनी.

कारण सरळ आहे. बँकेनं कर्ज देताना व्याज घेतलं, मालवाल्यानं विमा काढला, डिझेलवाल्यानं भावात जोखीम धरली. खलाशाकडे अंगमेहनतीशिवाय ठेवायला काहीच नव्हतं, आणि तो जहाजावर नसता तर लिलावाला जहाजच उरलं नसतं.

मालवाल्यांचा कायदा 2025 मध्ये पूर्ण नवा झाला, पण आतला गाभा बराच तोच आहे. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीचा, 1856 चा कायदा जाऊन नवा आला, समुद्रमार्गे माल नेण्याचा 1925 चा जाऊन नवा आला. 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा आणि बंदरांचा 1908 चाही त्याच वर्षी बदलला. तुमच्या कामाचं एवढं, की माल खराब निघाला आणि वरून दिसत नसेल तर ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवा, आणि दावा एका वर्षाच्या आत लावा. वर्ष उलटलं की चांगल्यातला चांगला दावा मेला. गोंदिया-भंडाऱ्याचे मिलवाले ग्राहकाशी बोलणी करण्यात ते वर्ष घालवतात, मी स्वतः दोघांना हात हलवत परत पाठवलंय.

अटक कशी काम करते त्याचं ताजं उदाहरण म्हणजे केरळ. 25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा 3 बुडालं, सहाशेवर कंटेनर घेऊन. केरळ सरकारनं 9,531 कोटींचा दावा लावला. बुडालेलं जहाज कुठं अटकवणार? मग त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजम बंदरात होतं ते हायकोर्टानं अटकवलं, आणि पुढे 1,227 कोटींवर तारण ठेवायला सांगितलं. म्हणजे दादा, भाच्याचं जहाज आखातात आहे म्हणून मुंबई हायकोर्ट आज त्याला हात लावू शकत नाही, पण ते किंवा त्याच मालकाचं दुसरं जहाज कधी आपल्या पाण्यात आलं तर आपला दावा तयार पाहिजे. म्हणून म्हणते, हिशोबाचा कागद सांभाळा.

आर्वीची_लेक | बुधवार, रात्री 10:30

माझे मिस्टर सेकंड इंजिनिअर आहेत, मोठ्या कंपनीत, पगार वेळेवर येतो, तरी हा धागा मी तीनदा वाचला. पगार येणाऱ्यांच्या घरातलीही काळजी सांगते. 2024 मध्ये त्यांचं जहाज तांबड्या समुद्राकडे निघालं तेव्हा मी रात्र रात्र जागले. त्याच मार्चमध्ये एका जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. त्याच्या आधी नोव्हेंबर 2023 मध्ये गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पळवलं होतं, त्यातले 25 जण जानेवारी 2025 ला सुटले. चौदा महिने! मिस्टरांच्या युनियनच्या करारात होतं की युद्धाच्या भागात जायला खलाशी नाही म्हणू शकतो, आणि कंपनीला तिच्या खर्चानं घरी पाठवावं लागतं. मी सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या मग नाही म्हण की त्याला. पण नाही म्हटलं तर पुढचा कॉल येईल का, ही भीती असतेच. मिस्टरांचे जहाज शेवटी आफ्रिकेला वळसा घालून गेलं.

मला सांगायचं होतं ते हे की दारव्ह्याच्या ताईंना, म्हणजे मुलाच्या आईला कोणीतरी रोज फोन करा. कायद्याचं सगळे बघतील, पण ती बाई रात्री एकटी काय करत असेल. नंबर मला मेसेजमध्ये पाठवा, मी करीन. आर्वी काही फार लांब नाही, जाऊनही येईन.

दारव्ह्याचा_कास्तकार | रविवार, सायंकाळी 7:20

मंडळी, खबर हाये. गुरुवारी विमावाल्याचं उत्तर आलं की प्रकरण नोंदलं, अन् काल सकाळी जहाजाले बोट लागली! पिण्याचं पाणी, आटा, कांदे, आलू, अंडे, अन् जनरेटरसाठी डिझेल. पोट्ट्यानं व्हिडिओ कॉल केला तवा त्याच्या हातात सफरचंद होतं. बहीण स्क्रीनकडं पाहूनच रडली, बोलली काहीच नाई. आर्वीच्या ताई तवा तिथंच बसून होत्या, त्यांचे उपकार मी कसे फेडू.

पण नवीनच अडचण उभी झाली. बंदरवाले म्हणतात सगळे अकरा जण उतरू शकत नाई, जहाज रिकामं सोडता येत नाई, कमीत कमी पाच जण पाह्यजे. पोट्ट्याचं नाव पहिल्या सहात हाये. अन् तो म्हणते मामा, मी गेलो त माह्या जागी आमचा कुक राहीन, त्याले शुगर हाये, त्याची गोळी संपली. म्हणते मी राहतो, त्याले जाऊ द्या. मी आतापर्यंत कणखर होतो, हे ऐकून मले बसून जावं लागलं. बोसन काका, काय सांगू त्याले?

बोसन_मोर्शी | रविवार, रात्री 8:45

भाऊ, पोट्टा चांगला निघाला तुमचा.

बंदरवाल्याईचं म्हणणं खोटं नाई. नांगर तुटला, वारा सुटला त रिकामं जहाज दुसऱ्यावर जाऊन आदळते, तेल सांडते. त्याच नावानं खलाशाले महिनोन् महिने ओलीस ठेवतात, हेही तेवढंच खरं. पण दोघापैकी कोण जाईन हे ठरवाची पाळी त्या 22 वर्षाच्या पोरावर यावी काऊन? कुकचं आजारपण वेगळं लिहा, आजच. डॉक्टरकडं नेणं हा त्याचा हक्क हाये, तो संख्येत मोजूच नये. मेडिकलवर तो उतरला पाह्यजे अन् पोट्टाही. मांगं राहणाऱ्यांसाठी बदली माणसं आणा म्हणा, ताई, त्याचा नियम आलाय ना आता?

अॅड_ताई_नागपूर | रविवार, रात्री 9:30

आलाय. 2022 ची दुरुस्ती, 23 डिसेंबर 2024 पासून लागू. टाकून दिलेल्या खलाशांना लवकर घरी पाठवायला बंदराच्या, झेंड्याच्या आणि खलाशांच्या देशांनी मदत करायची, आणि बदली आलेल्या माणसांनाही सगळे हक्क द्यायचे. आज रात्रीच दोन वेगळी पत्रं लिहिते, एक कुकच्या औषधासाठी आणि एक बदली माणसांसाठी. भाच्याला सांगा, उतरायच्या यादीतलं नाव स्वतःहून काढू नको, कुकसाठी आपण वेगळ्या दारानं चाललोय.

दारव्ह्याचा_कास्तकार | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, सकाळी 7:00

पोट्टा काल रात्री नागपूरले विमानानं उतरला. कुक त्याच्या चार दिवस आधी, दवाखान्यातून सरळ. मांगं पाच जण हायेत, त्यातल्या दोघांची बदली पुढच्या आठवड्यात हाये अन् तिघांचं चालू हाये, कॅप्टन त्या तिघांतच. पोट्टा निघताना कॅप्टननंच पोट्ट्याचा बाकीचा हिशोब स्वतःच्या हातानं लिहून, शिक्का मारून देला.

विमावाल्यानं चार महिन्याचा पगार देला, पहिल्या कराराच्या आकड्यानं. दोन महिने वरचे बाकी राह्यले. ताई म्हणतात ते जहाजावर चिकटून हायेत, तिथल्या बंदरात जहाजाच्या लिलावाची केस चालू हाये त्याच्यात आपला दावा टाकला. एजंटची तक्रार पोलिसात देली, फसवणुकीच्या कलम 318 खाली, दीड लाखाचे बँकेचे कागद जोडले, अन् डीजी शिपिंगलेही कॉपी गेली. रोख दोन लाखाले साक्षीदार म्हणून माहा नाव टाकलं, मी सोबत होतो. वावर अजून गहाणच हाये.

गोंदियाचे भाऊ, तुमचे किराण्याचे पैसे लागलेच नाई, विमावाल्यानंच केलं, पण तुमी विचारलं ते बहिणीले सांगतलं.

वणीकडचा_पालक | शुक्रवार, सकाळी 9:10

नमस्कार, मी नवीन आहे इथं. माझ्या पोरालाही एका एजंटनं ऑफर दिलीय, परवापर्यंत दोन लाख भरायला सांगितलेत, नाहीतर जागा जाईल म्हणे. धागा वाचून हात थांबला. काय पाहू?

दारव्ह्याचा_कास्तकार | शुक्रवार, सकाळी 9:25

पैसे देले नसन त देऊ नका. त्याले लायसनचा नंबर अन् जहाजाचा आयएमओ नंबर माग, दोनच गोष्टी. डीजी शिपिंगच्या साईटवर लायसनवाल्यांची यादी हाये, अन् ज्याईचं लायसन काढून घेतलं त्याईचीही हाये, दोन्ही पाहजा. तो म्हणन जहाज चढाच्या दिवशी सांगतो, त तिथंच समजून जा. पोट्टा उठला की त्याचा नंबर तुमाले देतो, त्याच्याशीच बोला, मी आता बहिणीकडं चाललो, बोसन काका मोर्शीवरून येऊन राह्यले त्याले भेटाले.